किलोमीटरमागे दहा रुपये : तोरणमाळच्या सायकल फेरीचा पैसा कुठे जातो?



सायकल फेरीचे देणगीपत्रक मंडळीत फिरू लागले की एक प्रश्न हमखास येतो. "पैसे द्यायचेच आहेत तर सरळ देतो. त्यासाठी नव्वद किलोमीटर सायकल कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर अर्धे रस्त्यात आहे आणि अर्धे एका आजारात.

रस्ता

फेरी पहाटे नंदुरबारहून निघते. प्रकाशा येथे तापी ओलांडून शहाद्यापर्यंतचा रस्ता सपाट आहे. दोन्ही बाजूंना ऊस, केळी आणि कापूस. शहाद्यानंतर सातपुडा समोर उभा राहतो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे तापीकाठापासून जवळजवळ हजार मीटर चढायचे, आणि त्यातला बराचसा चढ शेवटच्या घाटात.

घाटात जोर उपयोगी पडत नाही, धीर पडतो. पुढची दातेरी चकती लहान आणि मागची मोठी ठेवायची, पाय एका लयीत फिरवायचे. तहान लागण्याआधी पाणी प्यायचे. त्यात चिमूटभर मीठ आणि साखर. दर तासाला केळे किंवा गूळ-शेंगदाणे. दम लागला तर उतरून सायकल हातात धरून चालायचे; त्यात कमीपणा नाही. दुसऱ्या दिवशी उतारावर एकच ब्रेक दाबून धरायचा नाही. दोन्ही ब्रेक थोडे थोडे, दाबत आणि सोडत वापरायचे, कारण सतत दाबलेला ब्रेक तापतो.

वर पोहोचेपर्यंत प्रत्येकाच्या मांड्या भरून आलेल्या असतात. पण आमचे दुखणे रात्रीच्या झोपेने उतरते. याच डोंगरातल्या काही मुलांचे उतरत नाही.

आजार

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. निरोगी तांबडी पेशी गोल आणि लवचिक असते. या आजारात ती विळ्यासारखी वाकते, कडक होते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग हाडांत, पोटात, छातीत असह्य कळा येतात. पाणी कमी पडणे, थंडी, अतिश्रम आणि ताप ही कळा सुरू होण्याची नेहमीची कारणे. सायकलस्वार दोन दिवस ज्या गोष्टींना हौसेने तोंड देतो, त्याच या मुलांना दवाखान्यात नेतात.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, म्हणून रक्त तपासल्याशिवाय कळतही नाही. हा कोणाचा शाप नाही, कोणाच्या पापाची शिक्षा नाही. ज्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे वाहकांना त्यापासून काहीसे संरक्षण मिळाले, म्हणून हा गुण तिथल्या लोकांत टिकून राहिला. आपल्या भिल्ल आणि पावरा बांधवांमध्ये तो आढळतो, त्याचे कारण हेच.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यायची असते. काहींना हायड्रॉक्सियुरिया दिले जाते. त्याने कळा कमी होतात, पण ते घेणाऱ्याचे रक्त ठरावीक काळाने पुन्हा तपासावे लागते.

पैसा

अडते ते इथेच. एका पाड्यावर एका आईने मला सांगितले, "ताई, गोळी फुकट आहे. गोळीपर्यंत जाणं फुकट नाही." पाड्यावरून सडकेपर्यंत पायवाट, तिथून जीप, आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली. मुलाला उभे राहवत नसेल तर बांबूला झोळी बांधून न्यायला आणखी माणसे लागतात. पहिल्या तपासणीला सगळे येतात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला संख्या घटते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि उपचार तुटतो. म्हणून आपली फेरी दिवाळीच्या आधी असते, म्हणजे निघण्यापूर्वी गोळ्या आणि कागद त्यांच्या हाती देता येतात.

फेरीची देणगी या जाण्या-येण्याच्या खर्चासाठी आहे. सायकलस्वार आपला खर्च स्वतः करतात. किलोमीटरमागे दहा रुपये दिले, तर नव्वद किलोमीटरचे नऊशे होतात. मोठी रक्कम एकट्याने देणे ज्यांना जमत नाही, तेही दोन रुपये किलोमीटरने सहभागी होतात. संडे स्कूलची मुलेसुद्धा. सरळ देणगीचेही आम्ही आनंदाने स्वागत करतो. मात्र सायकलवरून जो हा घाट चढला, त्याला "दवाखाना लांब आहे" या शब्दांचा अर्थ सांगावा लागत नाही, आणि तो आपल्या मंडळीत जाऊन इतरांना सांगतो.

चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात आपण जखमा बांधणे लक्षात ठेवतो. पण त्याने उतारशाळेच्या रखवालदाराला पैसे दिले, आणि जास्त खर्च झाला तर परत आल्यावर देईन असेही सांगितले. सिकलसेल जन्मभराचा आहे. फेरी दोन दिवसांची. उरलेल्या दिवसांसाठी आपल्याला त्या दुसऱ्या वचनाची गरज आहे.

म्हणून या वर्षी तीन विनंत्या. ज्यांची प्रकृती साथ देते त्यांनी डॉक्टरांना विचारून सरावाला लागावे. सिकलसेलच्या रुग्णांनी मात्र सायकल चालवू नये, आणि वाहकांनी पाणी व विश्रांती चुकवू नये. ज्यांना शक्य आहे त्यांनी फेरीच्या देणगीसोबत दरमहा थोडी रक्कम ठरवावी. आणि सर्वांनी प्रार्थनेत त्या मुलांची आठवण ठेवावी, ज्यांना पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच पायवाटेने उतरायचे आहे.