थंडीत डिझेल पिकअप का थरथरते? बिघाड इंजिन थंड असतानाच सापडतो

पहाटे भाजीपाला किंवा दूध घेऊन निघालेली डिझेल पिकअप सुरू होताच थरथरू लागते. इंजिन ‘मिसिंग’ मारते, मागून पांढरा धूर निघतो आणि चार-पाच मिनिटांत सारे पूर्ववत होते. सकाळी दहा वाजता गाडी गॅरेजमध्ये पोहोचते, तेव्हा तिच्यात कोणताही दोष आढळत नाही. मग अंदाजाने इंजेक्टर बदलले जातात, मालकाचे हजारो रुपये खर्च होतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीच थरथर पुन्हा सुरू होते.

पेट्रोल इंजिनाप्रमाणे डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा प्रचंड दाबली गेल्याने तापते आणि त्या उष्णतेनेच फवारलेले डिझेल पेट घेते. इंजिन थंड असेल, तर ही उष्णता सिलिंडरच्या भिंती व पिस्टन शोषून घेतात. एखाद्या सिलिंडरमध्ये तापमान पुरेसे चढले नाही, तर तेथील डिझेल न जळताच बाहेर पडते. गाडी थरथरते ती यामुळे. इंजिन तापले की ही उणीव भरून निघते आणि दोष लपतो. म्हणूनच तपासणीची पहिली अट अशी, की गाडी आदल्या संध्याकाळीच गॅरेजमध्ये उभी करावी आणि सकाळी मेकॅनिकने स्वतः पहिला सेल्फ मारावा.

त्या वेळी धुराचा रंग पाहावा. पांढऱ्या धुराला कच्च्या डिझेलचा वास येत असेल व डोळे चुरचुरत असतील, तर इंधन न जळता बाहेर पडत आहे. पांढऱ्या धुराला गोडसर वास असेल आणि रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल, तर कूलंट सिलिंडरमध्ये झिरपत असल्याची शंका घ्यावी. निळसर धूर जळणाऱ्या ऑइलचा असतो. सेल्फ मंद फिरत असेल, तर आधी बॅटरी तपासावी. हवा वेगाने दाबली गेली नाही, तर ती पुरेशी तापतच नाही.

यानंतर संशय जातो तो ग्लो प्लगवर, ज्याला अनेक गॅरेजांत नुसते ‘हीटर’ म्हणतात. बहुतेक लहान डिझेल इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला एक असे हे प्लग असतात आणि चावी फिरवताच लाल होतात. चारपैकी एक निकामी झाला, तरी गाडी सुरू होते. मात्र तीन सिलिंडरवर. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हा दोष महिनोन्‌महिने कळतही नाही. डिसेंबरमध्ये निफाडच्या परिसरात पारा घसरला, की तोच दोष उघड होतो. थंडीवर ठपका ठेवला जातो खरा, पण प्लग बहुधा आधीच गेलेला असतो.

याची तपासणी स्वस्त आहे. प्लगची वायर काढून मल्टिमीटरने त्याचा रोध मोजावा. चांगल्या प्लगचा रोध साधारणतः एक-दोन ओहम किंवा त्याहून कमी असतो. जळालेल्या प्लगमधून वीज वाहतच नाही. प्लगला थेट बॅटरी लावून पाहण्याची जुनी पद्धत मात्र टाळावी. नव्या इंजिनांतील अनेक प्लग १२ व्होल्टपेक्षा कमी दाबाचे असतात आणि ते त्याच क्षणी जळतात. सर्व प्लग ठीक असूनही त्यांना वीज मिळत नसेल, तर रिले व फ्यूज पाहावेत.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असलेल्या गाडीत तापमानाचा सेन्सर फसवू शकतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला चावी लावून, इंजिन सुरू न करता, स्कॅनरवर कूलंट आणि आत येणारी हवा यांचे तापमान पाहावे. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. कूलंट ७० अंश दाखवत असेल, तर नियंत्रक इंजिन गरम आहे असे समजून ग्लो प्लग चालूच करणार नाही.

गाडी झटकन सुरू होऊन काही सेकंदांत अडखळत असेल, तर कारण वेगळे असते. रात्रभरात सैल सांध्यातून हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे परतते. फिल्टरच्या पुढे तात्पुरती पारदर्शक नळी जोडल्यास बुडबुडे दिसतात.

नेमका कोणता सिलिंडर जळत नाही, हे इन्फ्रारेड थर्मामीटरने कळते. इंजिन सुरू होताच मॅनिफोल्डचे जे तोंड इतरांपेक्षा उशिरा तापते, तेथे दोष असतो. जुन्या पंपाच्या इंजिनात इंजेक्टरच्या पाइपाचे नट सैल करून हे पाहत असत. कॉमन रेल इंजिनात तसे कदापि करू नये. तेथील दाब हजार बारहून अधिक असतो आणि डिझेलची धार कातडी भेदून आत शिरते. प्लग बदलूनही तोच सिलिंडर मागे राहिला, तरच इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन यांची तपासणी करावी. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह झिजलेल्या इंजिनातही हीच लक्षणे दिसतात आणि तो खर्च मोठा असतो.

हिमालयात प्रश्न इंधनाचाच असतो. डिझेलमधील मेण थंडीत गोठून फिल्टर बुजवते. सामान्य डिझेलच्या भारतीय मानकात ओतनबिंदूची हिवाळी मर्यादा ३ अंश सेल्सिअस आहे. लडाखच्या थंडीत ती अपुरी पडते. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. त्याआधी टाकीखाली शेकोटी पेटवणे किंवा रॉकेल मिसळणे असे उपाय केले जात. शेकोटीने गाडी पेटू शकते आणि रॉकेलमुळे वंगण कमी होऊन पंप झिजतो. ईथरचा स्प्रेही तितकाच घातक ठरतो, कारण तापलेल्या ग्लो प्लगमुळे तो अवेळी पेट घेऊन पिस्टन फोडू शकतो.

मैदानी भागातून वर जाणाऱ्या चालकाने टाकी खालीच काठोकाठ भरू नये. एकदा गोठलेले मेण वरून हिवाळी डिझेल ओतल्याने सहज विरघळत नाही. ते कडाक्याच्या थंडीआधीच टाकीत मिसळलेले असावे लागते.