सहा ठिपक्यांची लिपी

सरकारी नोकराच्या नशिबी बदली असतेच. महाराष्ट्रातून बंगळूरला आलेल्या त्याच्या मुलाला प्रथम अडते ती कन्नड लिपी. तिची गोल वळणे गिरवण्यात कित्येक महिने जातात. ब्रेल शिकलेल्या अंध मुलाला मात्र हा खटाटोप पडत नाही, हे ऐकून श्रोत्यांस नवल वाटेल. १९५१ साली भारतीय भाषांसाठी समान ब्रेल चिन्हे ठरली. तीच भारती ब्रेल. ठिपक्यांच्या दोन उभ्या ओळी. डावीकडचा वरचा आणि खालचा ठिपका उठला, की तो मराठीत 'क' आणि कन्नडमध्येही 'क'. आपला 'ळ' म्हणजे उजवीकडचे तिन्ही ठिपके, कन्नडमध्येही तसेच. भाषा तेवढी शिकायची राहते, आणि त्यासाठी बोटांखाली पुस्तक हवे.

हल्ली ध्वनिमुद्रित पाठांवर भागवण्याकडे कल दिसतो. आकाशवाणीवरून बोलणाऱ्याने श्रवणाची निंदा कशी करावी? पण नुसते ऐकून शुद्धलेखन येत नाही. गणिताची मांडणी तर नाहीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने १८ वर्षांपर्यंत विनामूल्य पुस्तके देण्याचे आणि ब्रेल जाणणारे शिक्षक नेमण्याचे काम सरकारवर सोपवले आहे. इतर मुले पहिला धडा उघडतील त्याच दिवशी ब्रेल प्रत बाकावर असणे, हेच मला सर्वांत अवघड दिसते. तिला जाड कागद लागतो, एका पुस्तकाचे अनेक खंड होतात. तेव्हा मागणी शाळा उघडल्यावर नव्हे, आधीचे वर्ष संपण्यापूर्वीच नोंदवावी लागते.