हडसनवरची अकराशे फुटांची वाट

चार माणसं जेमतेम बसतील एवढं सेस्ना विमान मॅनहॅटनच्या उत्तुंग इमारतींच्या शेजारून, त्यातल्या काहींच्या माथ्यापेक्षाही खालून चाललं आहे, असे व्हिडिओ न्यू जर्सीत नातेवाईक असलेल्या बऱ्याच मराठी घरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येऊन पडतात. खालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या. 'परवानगी कशी काय मिळाली?' 'कुणाची तरी ओळख असणार.' 'अकरा सप्टेंबरनंतर हे सगळं बंद झालं होतं ना?'

परवानगी मिळालेली नसते, कारण बहुतेक वेळा ती मागितलेलीच नसते. मागायची गरजही नसते.

केनेडी, ला गार्डिया आणि न्यूअर्क हे तीन अवाढव्य विमानतळ एकमेकांना खेटून आहेत. त्यांच्या भोवतीच्या आकाशाला अमेरिकी विमानखात्याच्या, म्हणजे एफएएच्या भाषेत 'क्लास ब्राव्हो' म्हणतात. अतिशय कडक नियंत्रणाचा हा पट्टा ७,००० फुटांपर्यंत जातो. त्याचा आकार उलट्या ठेवलेल्या उतरंडीसारखा आहे: तळाशी विमानतळांपुरता अरुंद, वर जावं तसा रुंद. यातून हडसन नदीवरचा एक तुकडा मुद्दाम कापून वगळला आहे. पाण्याच्या पृष्ठभागापासून १,३०० फुटांच्या आतपर्यंतचा हा भाग क्लास ब्राव्होत येत नाही. इथे नियंत्रकाची परवानगी लागत नाही आणि त्याच्याशी बोलावंही लागत नाही. पर्यटनासाठी उडणारी छोटी विमानं आणि हेलिकॉप्टरं याच फटीतून जातात. वन वर्ल्ड ट्रेड सेंटरचा माथा १,७७६ फुटांवर आहे, म्हणजे अकराशे फुटांवरून जाणाऱ्याला तो मान वर करूनच पाहावा लागतो.

अकरा सप्टेंबर २००१ नंतर ही वाट काही काळ बंद होती, पण कायमची नाही. तात्पुरती बंदी मात्र अधूनमधून येतच असते. राष्ट्राध्यक्ष शहरात असले की येते, सप्टेंबरात संयुक्त राष्ट्रांची आमसभा भरली की येते. बेसबॉलचे मोठे सामनेही यात आहेत, आणि नवख्या वैमानिकाला नेमकं तेच ठाऊक नसतं. सामन्याच्या एक तास आधीपासून तो संपल्यानंतर एक तासापर्यंत स्टेडियमभोवती तीन सागरी मैलांत, जमिनीपासून ३,००० फुटांपर्यंत उड्डाणाला मनाई असते. यांकी स्टेडियमभोवतीचं हे वर्तुळ थेट हडसनच्या पाण्यावर येतं. त्यामुळे निघण्यापूर्वी हवामानाइतकंच सामन्यांचं वेळापत्रकही पाहावं लागतं.

परवानगी नाही म्हणजे नियमही नाहीत, असं समजणारे दुसऱ्या टोकाला गेलेले असतात. २००९ च्या नोव्हेंबरपासून या पट्ट्याला खास नियम लागू आहेत. वेग १४० नॉटच्या आत ठेवायचा, दिवे लावलेले हवेत, न्यूयॉर्कचा ताजा हवाई नकाशा विमानात हवा. उजवी बाजू धरून चालायचं: दक्षिणेकडे जाताना न्यू जर्सीचा काठ, उत्तरेकडे जाताना मॅनहॅटनचा. सरळ पार जाणाऱ्यांनी १,००० फुटांच्या खाली उतरायचं नाही. खालचा थर हेलिपॅडवर चढ-उतार करणाऱ्यांचा आणि स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याभोवती घिरट्या घालणाऱ्यांचा. म्हणजे पाहुण्या विमानाच्या वाट्याला उंचीचे जेमतेम ३०० फूट येतात. उंचीमापकात हवेचा दाब पाऱ्याच्या दशांश इंचाने चुकीचा लावला, तर उंची सुमारे शंभर फुटांनी चुकते. तीनशेतले शंभर तिथेच गेले.

आणि बोलायचं. सगळ्यांनी १२३.०५ या एकाच फ्रिक्वेन्सीवर, ठरलेल्या खुणांपाशी, आपण कोण, कुठे, किती उंचीवर आणि कुठल्या दिशेला हे स्वतःहून सांगायचं. उत्तरेकडून आलात तर खुणा अशा येतात: अल्पाइन टॉवर, जॉर्ज वॉशिंग्टन पूल, इंट्रेपिड ही संग्रहालय झालेली विमानवाहू युद्धनौका, जर्सी सिटीच्या काठावरचं कोलगेटचं घड्याळ, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि शेवटी व्हेराझानो पूल. अल्पाइन टॉवर हा एफएम रेडिओचा जनक एडविन आर्मस्ट्राँग याने उभारलेला मनोरा. टूथपेस्टच्या कंपनीचं पन्नास फुटी घड्याळ वैमानिकांच्या मैलाच्या दगडांत बसलं, हे मला फार आवडतं. कानावर पडतं ते असं: "हडसन ट्रॅफिक, पांढरी सेस्ना, इंट्रेपिड, साउथबाउंड, अकराशे." लगेच कुणाचं तरी: "हेलिकॉप्टर, घड्याळ, नॉर्थबाउंड, सातशे." सेस्ना शंभर नॉटने गेली तर हा सगळा प्रवास बारा-पंधरा मिनिटांत आटोपतो. मध्ये शांत बसून देखावा पाहायला फारशी उसंत नसते. ती खरी प्रवाशांना.

आता सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज: 'वरून कुणीतरी रडारवर बघत असेलच.'

८ ऑगस्ट २००९. शनिवार, दुपारी बाराच्या सुमारास, स्वच्छ हवा. न्यू जर्सीतल्या टेटरबरोहून निघालेलं पायपर विमान हडसनवरून दक्षिणेकडे चाललं होतं. मॅनहॅटनच्या तिसाव्या रस्त्यावरच्या हेलिपोर्टवरून पर्यटकांचं हेलिकॉप्टर वर चढत होतं. अकराशे फुटांच्या आसपास, होबोकनसमोर, दोघांची टक्कर झाली. विमानातले तीन आणि हेलिकॉप्टरमधले सहा, असे नऊ जण गेले. टेटरबरोच्या नियंत्रकाने विमानाला न्यूअर्कशी बोलायला सांगितलं होतं. वैमानिकाने ती फ्रिक्वेन्सी परत उच्चारताना आकडा चुकवला आणि ती चूक कुणी दुरुस्त केली नाही. नियंत्रक त्या वेळी फोनवर खासगी गप्पा मारत होता. परिणाम असा की मोक्याच्या क्षणी न्यूअर्कला विमानाशी बोलता येत नव्हतं, आणि हडसनच्या सामायिक फ्रिक्वेन्सीवरही ते नव्हतं.

वर्तमानपत्रांत तो फोनच गाजला, आणि तो गाजायलाच हवा होता. पण अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळाने, एनटीएसबीने, कारणांत आणखी एक गोष्ट मांडली, ती मला जास्त मोलाची वाटते: 'बघा आणि टाळा' या पद्धतीच्या अंगभूत मर्यादा. टक्करीच्या वाटेवर असलेली वस्तू काचेतून पाहताना जागची हलत नाही. ती एका ठिकाणी ठिपक्यासारखी राहते आणि अगदी शेवटी एकदम मोठी होते. मागे इमारतींची गर्दी असेल तर तो ठिपका नजरेला सापडतच नाही. शंभर नॉटची दोन विमानं समोरासमोर येत असतील, तर त्यांच्यातला एक सागरी मैल अठरा सेकंदांत संपतो.

'आता तर पडद्यावर सगळी विमानं दिसतात' हे यावरचं हमखास उत्तर. खरं आहे, १ जानेवारी २०२० पासून या भागात आपलं ठिकाण स्वतःहून प्रक्षेपित करणारं एडीएस-बी उपकरण सक्तीचं आहे. पण २००९ च्या त्या दोन्ही यानांतही आसपासची वाहतूक दाखवणारी यंत्रणा होती. तिचा नीट उपयोग झाला नाही, असं चौकशीत नोंदलं गेलं. शिवाय एवढ्या अरुंद पट्ट्यात पडद्यावर एकाच वेळी इतके ठिपके असतात की त्यातला आपल्या जीवावर उठलेला कोणता, हे ओळखायला नजर आत गुंतवावी लागते. नेमकी तेव्हा ती बाहेर हवी असते. वर सांगितलेल्या नियमांतले बरेचसे, म्हणजे उजवी बाजू, खुणांवरचं बोलणं, हे २००९ च्या अपघाताआधी केवळ रिवाज म्हणून पाळले जात. या अपघातानंतर ते कायद्यात आले.

मॅनहॅटनच्या दुसऱ्या बाजूच्या ईस्ट रिव्हरवर मात्र 'छोटं विमान कुठेही वळतं' हा समज भोवला. ११ ऑक्टोबर २००६ रोजी यांकीज या बेसबॉल संघाचा गोलंदाज कोरी लायडल आपल्या सिरस विमानात प्रशिक्षकासह नदीवरून उत्तरेकडे चालला होता. तिथली मोकळी फट रूझवेल्ट बेटाच्या पुढे संपते. पुढे जायचं तर ला गार्डियाची परवानगी, नाहीतर परत फिरायचं. ते परत फिरू लागले. वळायला जागा होती सुमारे २,१०० फूट. त्यांनी डावीकडे, मॅनहॅटनच्या दिशेने वळण घ्यायला सुरुवात केली तीही पूर्व काठापासून नव्हे, तर नदीच्या मध्यातून. पूर्वेकडून १३ नॉटचा वारा होता, तो विमानाला शहराकडेच ढकलत होता. विमान बहात्तराव्या रस्त्यावरच्या निवासी इमारतीवर आदळलं, दोघंही गेले. इंजिन बिघडलं नव्हतं. नियोजन आणि निर्णय चुकले, असा निष्कर्ष निघाला. दोनच दिवसांत एफएएने ईस्ट रिव्हरची ती फट नियंत्रकाच्या संपर्काशिवाय जाणाऱ्या छोट्या विमानांना बंद केली.

इंजिन बंद पडलं तर? 'खाली नदी आहेच, सली उतरला नव्हता का!' १५ जानेवारी २००९ रोजी कॅप्टन सलेनबर्गर यांनी एअरबस हडसनवर उतरवली आणि १५५ च्या १५५ माणसं वाचली, तेव्हापासून लोकांच्या मनात हडसन ही धावपट्टीच होऊन बसली आहे. पण २०१६ च्या मे महिन्यात दुसऱ्या महायुद्धातलं एक पी-४७ विमान त्याच नदीत उतरलं आणि त्याचा वैमानिक वाचला नाही. अकराशे फुटांवर इंजिन थांबलं तर सेस्नाच्या हाती साधारण दीड मिनिट असतं. तेवढ्यात बोटींच्या मधली जागा निवडायची, दार उघडून ठेवायचं, सगळ्यांना तयार करायचं. खासगी उड्डाणात लाइफ जॅकेटची इथे सक्ती नाही, पण सीटखाली ठेवलेलं जॅकेट दीड मिनिटात अंगात घालून होत नाही. ते घालूनच बसावं.

नियंत्रक छोट्या विमानांना उभं करत नाहीत, हा समज तर निखालस चुकीचा. फटीत घुसायचं नसेल तर सरळ क्लास ब्राव्होतून जायची परवानगी मागता येते. कामाचा ताण फार नसेल तर ती मिळते. मग ला गार्डियाचा नियंत्रक तुम्हाला हडसनवरूनच, पण साधारण दीड ते दोन हजार फुटांवरून नेतो. कधी सेंट्रल पार्कवरूनही. मोठ्या विमानांपासून दीड मैल किंवा उंचीत ५०० फुटांचं अंतर राखायची जबाबदारी तेव्हा त्याची असते. अट एकच आणि ती काटेकोर: 'क्लिअर्ड इन्टू क्लास ब्राव्हो' हे शब्द कानांनी ऐकल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. लहान विमानतळांच्या हद्दीत नियंत्रकाने तुमच्या विमानाचा क्रमांक घेऊन उत्तर दिलं की भागतं. इथे भागत नाही, आणि त्या सवयीनेच बरेच जण फसतात. इमारती खालून पाहण्याची मजा या मार्गात नाही, हे कबूल. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच मार्ग घ्यावा असं मला वाटतं. रेडिओवर बोलायची धास्ती वाटते म्हणून लोक फटीतून जातात, आणि बोलण्याची खरी कसोटी तर तिथेच असते.

यासाठी वेगळा परवाना लागत नाही. अमेरिकेतला साधा खासगी वैमानिकाचा परवाना पुरतो, आणि तो किमान ४० तासांच्या उड्डाणानंतर मिळू शकतो. एफएएचा या पट्ट्यासाठीचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. तो सक्तीचा नाही, पण न करता जाणं हा शुद्ध आगाऊपणा. उरला पैशांचा प्रश्न, कारण भारतातून आलेली मंडळी 'आम्ही भाडं देतो, आम्हालाही फिरवून आण' असं हमखास म्हणतात. खासगी परवान्यावर कमाई करता येत नाही. इंधन, तेल, विमानतळाचं शुल्क आणि विमानाचं भाडं एवढाच खर्च वाटून घेता येतो, आणि वैमानिकाला स्वतःचा पूर्ण हिस्सा भरावा लागतो. विमानात चौघं असतील तर त्याचा किमान पाव हिस्सा. काका कितीही आग्रह करोत, सगळं बिल त्यांना भरू देता येत नाही.