बोर्डावरून पडद्यावर आलेला सोंगाड्या

तमाशात गण-गवळणीनंतर बतावणी आणि वग रंगवतो तो सोंगाड्या. अमेरिकी मूकपटांचा विनोदवीर बस्टर कीटन व्हॉदव्हिल या करमणुकीच्या खेळांच्या रंगमंचावर लहानाचा मोठा झाला, तसे दादा कोंडके वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातून गाजले. कोंडकेंच्या १९७१ च्या ‘सोंगाड्या’ चित्रपटाचे लेखनही सबनीसांचेच. तमाशाने झपाटलेला भोळा नाम्या आणि त्याची करारी आये (रत्नमाला) यांच्या सवाल-जबाबांत बतावणीची लय जशीच्या तशी उतरली आहे. कॅमेरा फारसा हलत नाही, आणि तेच बरे. कोंडकेंचे चित्रपट आता मोबाइलवरही पाहता येतात. सुरुवात ‘सोंगाड्या’ने करावी, मग ‘पांडू हवालदार’ (१९७५) पाहावा. त्यात अशोक सराफही आहेत. पुढच्या काही चित्रपटांत मात्र द्व्यर्थी संवाद कथेला झाकोळतात.