ट्रॉफीची हौस, घड्याळाचा घोळ

प्लेस्टेशन २ बिघडला की कारण बहुधा हाताला लागायचं: डिस्कवरचा ओरखडा, लेन्सवरची धूळ. २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ ने मात्र बिघाडच घरपोच आणून द्यायला सुरुवात केली, तोही अपडेटच्या वेष्टनात.

जुलै २००८ मधलं २.४० हे त्यातलं गाजलेलं. खेळात ठरावीक पराक्रम केला की मिळणाऱ्या ट्रॉफ्या त्यातूनच आल्या. लोक तुटून पडले आणि काहींचे कन्सोल सुरूच होईनात. सोनीने अपडेट मागे घेतलं, आठवड्याभरात २.४१ आलं.

ट्रॉफी म्हटली की ती कधी मिळाली याची नोंद आली, आणि नोंद म्हटली की घड्याळ. १ मार्च २०१० ला ते घड्याळच चुकलं. जुन्या, जाड मॉडेलांनी २०१० हे लीप वर्ष धरलं. तारीख थेट १ जानेवारी २००० वर गेली, नेटवर्कवर जाऊ पाहणाऱ्याला ८००१०५०एफ हा एरर दिसू लागला आणि ‘ट्रॉफी इन्स्टॉल झाली नाही, खेळ बंद करा’ अशा अर्थाच्या सूचनेने एकट्याने खेळायचे खेळही अडवले. भारतात त्या दिवशी धुळवड होती. सुट्टीचा बेत केलेल्यांचा चांगलाच बेरंग झाला असणार. सोनीचा सल्ला काय, तर जुनं मॉडेल तूर्त वापरूच नका! चोवीस तासांनी घड्याळ आपोआप ताळ्यावर आलं. स्लिम मॉडेलला काहीच झालं नव्हतं.

जून २०१३ मध्ये ४.४५ या अपडेटने पुन्हा २.४० सारखाच प्रकार केला. काही कन्सोल सुरुवातीच्या लाटांवरच अडकले आणि दुरुस्तीला ४.४६ आणावं लागलं.

पुढे घरगुती उपायही रुळले. प्लेस्टेशन ४ वर पॉवरचं बटण सातेक सेकंद दाबून धरायचं, दुसरा बीप ऐकला की सोडायचं आणि कंट्रोलर केबलने जोडायचा, की सेफ मोड हजर. त्यातलं ‘रीबिल्ड डेटाबेस’ नावाने धडकी भरवतं, पण ते फक्त यादी नव्याने लावतं, खेळ पुसत नाही. खरी भीती ‘इनिशियलाइझ’ची. सिस्टीमच बिघडली असेल, तर पेन ड्राइव्हवर ठरलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये अपडेटची फाइल ठेवायची. फोल्डरचं नाव चुकलं की कन्सोल ढिम्म.

२०२१ मध्ये घड्याळ पुन्हा आडवं आलं. प्लेस्टेशन ४ मधली घड्याळाची नाण्याएवढी बॅटरी संपली आणि सोनीच्या नेटवर्कशी संपर्कही नसला, तर खेळ चालत नाहीत, हे चाचण्यांतून दिसलं. मुळाशी पुन्हा ट्रॉफीची वेळच. सप्टेंबरच्या ९.०० अपडेटनंतर बॅटरीवाचूनही खेळ सुरू होऊ लागले. अपडेटसोबतच्या माहितीत या बदलाचा उल्लेखही नव्हता.