काडतूस लांब, म्हणून नेम पक्का?

अमेरिकेत रायफलीची काडतुसे स्वतः भरण्याचा छंद जुना आहे. उडवलेली पितळी पुंगळी पुन्हा मापात आणायची, नवा प्रायमर लावायचा, दारू तोलून घालायची आणि तोंडात गोळी दाबून बसवायची. गोळी किती खोल बसते, यावर काडतुसाची एकूण लांबी ठरते. या लांबीविषयीच्या काही समजुती नेम बिघडवतात, तर काही जिवावर बेतू शकतात.

गैरसमज : तक्त्यात दिलेली लांबी हीच सर्वांत अचूक.
वस्तुस्थिती : .३०८ विंचेस्टर या रायफलीच्या काडतुसासाठी 'सामी' ही अमेरिकी मानक संस्था कमाल २.८१० इंच, म्हणजे सुमारे ७१.४ मिलिमीटर लांबी सांगते. काडतूस मॅगझीनमध्ये मावावे आणि त्या मापाच्या कोणत्याही रायफलीत चालावे, यासाठी ही मर्यादा आहे. अचूकतेच्या दृष्टीने पाहायचे ते वेगळेच. पुंगळीतून सुटलेली गोळी नळीतल्या सर्पिल कंगोऱ्यांना भिडेपर्यंत थोडे अंतर मोकळी जाते. ती कंगोऱ्यांत सरळ शिरली पाहिजे आणि प्रत्येक वेळी सारखी शिरली पाहिजे. हे अंतर रायफलीगणिक आणि गोळीच्या आकारागणिक बदलते.

गैरसमज : बुडापासून टोकापर्यंत कॅलिपर लावला की माप मिळाले.
वस्तुस्थिती : स्पर्धेच्या पोकळ टोकाच्या गोळीकडे भिंगातून पाहा. टोकाची कड खडबडीत दिसेल. एकाच डब्यातल्या दोन गोळ्यांची टोके लहानमोठी निघतात. कंगोऱ्यांना आधी भिडते ते टोक नव्हे, तर त्यामागचा फुगीर भाग. म्हणून जाणकार कॅलिपरला कम्पॅरेटर जोडून बुडापासून त्या फुगवट्यापर्यंत मोजतात.

गैरसमज : गोळी कंगोऱ्यांच्या जितकी जवळ, तितका नेम चांगला.
वस्तुस्थिती : काही गोळ्यांना जवळीक मानवते, सगळ्यांना नाही. वेदरबीच्या अनेक रायफलींत हे मोकळे अंतर मुद्दाम मोठे ठेवलेले असते, तरी त्या अचूक मारा करतात. लांब निमुळत्या गोळ्यांसाठी बर्जर कंपनीने सुचवलेली चाचणी कंगोऱ्यांपासून ०.१२० इंच, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर मागेपर्यंत जाते. उत्तर निशाण्याच्या कागदावरच मिळते. तेही तीन गोळ्यांच्या एका सुबक ग्रुपवरून नव्हे, पुन्हा पुन्हा मारून.

गैरसमज : लांबी चुकली तर फार तर नेम चुकेल.
वस्तुस्थिती : गोळी जास्त खोल गेली की आतली जागा घटते आणि दाब वाढतो. उलट ती कंगोऱ्यांना टेकलेली असेल, तर मोकळी धाव न मिळाल्यानेही दाब चढतो. त्यामुळे लांबीत मोठा बदल केला की दारू पुन्हा कमी मापापासून तपासावी लागते. टेकलेल्या काडतुसात आणखी एक धोका आहे. न उडवता बोल्ट मागे ओढला, तर गोळी नळीतच अडकते आणि दारू रायफलीत सांडते.

गैरसमज : लांबी एकदा सापडली की कायमची.
वस्तुस्थिती : प्रत्येक बाराबरोबर तप्त वायू कंगोऱ्यांची सुरुवात झिजवतात. ती पुढे सरकते, अंतर वाढते. जागरूक नेमबाज म्हणूनच वेळोवेळी नव्याने मोजतो.

भारतात परवान्याशिवाय काडतुसे बनवणे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे. तरी यामागचे तत्त्व आपल्या नेमबाजांना परके नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. या प्रकारातली .२२ रिमफायर काडतुसे कारखान्यातूनच भरून येतात. त्यांची लांबी नेमबाजाच्या हातात नसते. म्हणून वरच्या पातळीवरचे खेळाडू वेगवेगळ्या लॉटची काडतुसे आपल्याच नळीतून मारून पाहतात आणि जुळलेला लॉट स्पर्धेसाठी राखून ठेवतात. दुसऱ्याच्या रायफलीचा आकडा आपल्या नळीला लागू पडेलच असे नाही. आपली नळी काय सांगते, ते धीराने आणि काटेकोर मोजून ऐकावे लागते.