वुडस्टॉकच्या चिखलातली प्रेमकथा

मुलगी उशीखाली कोणते पुस्तक लपवते, हे कळले की तिच्या मनाचा ठाव लागला, असे आयांना वाटते. चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या अमेरिकन आईला तिथे बहुधा एखादी प्रेमाची चित्रकथा सापडली असती!

या चित्रकथांची लाट आणली ती 1947 साली जो सायमन आणि जॅक कर्बी या जोडीच्या ‘यंग रोमान्स’ने. किंमत अवघी 10 सेंट. नायिका स्वतःच आपली कर्मकहाणी सांगणार, डोळ्यांतून टपोरे अश्रू गाळणार आणि शेवटच्या चौकटीत प्रियकराच्या मिठीत विसावणार. गंमत अशी की, कुमारिकांची ही हृदये उकलून दाखवणारे बहुतेक सारे पुरुषच होते!

पुढे 1954 मध्ये प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. प्रेमकथेने घराची थोरवी आणि विवाहाचे पावित्र्य ठसवावे, आईबापांविषयी आदर वाढवावा, असा दंडकच झाला.

पण काळ संहितेला विचारून थोडाच पुढे सरकतो? ऑगस्ट 1969 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावी, मॅक्स यास्गर नावाच्या गोठेवाल्याच्या शेतावर वुडस्टॉकचा संगीतमहोत्सव भरला. चार लाखांवर तरुण जमले. कुंपणच पुरे झालेले नव्हते; तिकिटे तपासणार कोण? पहिल्याच रात्री, 15 ऑगस्टला, पावसात पंडित रविशंकरांची सतार वाजली. तबल्यावर होते उस्ताद अल्लारखाँ.

त्याच वर्षी मार्व्हल कंपनीने ‘माय लव्ह’ हे पुस्तक सुरू केले. कथा लिहिणारे स्टॅन ली तेव्हा चाळिशी ओलांडलेले! 1971 मधल्या चौदाव्या अंकात तर चक्क वुडस्टॉकवरच प्रेमकथा आली; चित्रे ग्रे मॉरो यांची. एकंदर या पुस्तकांतून नायिकांच्या कपाळावर पट्टी आली, केस मोकळे सुटले, हाती गिटार आली. अश्रू मात्र तेच, आणि शेवटची मिठीही तीच.

बाहेर तरुण मुलगी विचारत होती, “तुमच्यासारखेच मी का जगावे?” चित्रकथा तिला उत्तर देत होती, “तुला योग्य वर मिळेल हो!” प्रश्न एक, उत्तर भलतेच. ‘यंग रोमान्स’ 1975 मध्ये थांबले, ‘माय लव्ह’ त्याच्या पुढच्या वर्षी. टेलिव्हिजनने वाचक पळवले, हे खरेच. पण ज्या मुलींसाठी ही पुस्तके निघत, त्यांचे ऐकून कुणी घेतले होते?

तेव्हा आयांनो, आणि बाबांनोही, उशीखाली काय आहे ते जरूर पाहा. पण त्याआधी उशीवर डोके टेकणारीला दोन शब्द विचारा. आणि तिचे उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलू नका!